कार्बवाल्या ८०० ला टर्बो बसवलाय, बूस्ट आला की पेट्रोल कमी पडतंय, कमी खर्चात काय करता येईल?

मिरजकर_८००

नमस्कार मंडळी, बरेच महिने नुसतं वाचतोय, आज पहिल्यांदा लिहितोय, लांबेल जरा, सांभाळून घ्या.

माझ्याकडे ९७ ची मारुती ८०० आहे, कार्बवाली (म्हणजे कार्बुरेटरवाली), एफ८बी इंजिन, ७९६ सीसी, तीन सिलेंडर. वडिलांनी घेतलेली गाडी, विकायला मन होत नव्हतं. आता रस्त्यावर चालवत नाही, शेतात आम्ही चौघा मित्रांनी मिळून मातीचा ट्रॅक केलाय तिथंच पळवतो. गेल्या दिवाळीपासून टर्बोचं डोक्यात होतं. स्विफ्ट डिझेलचा छोटा केपी३५ टर्बो भंगारातून साडेतीन हजाराला मिळाला, शाफ्टला खेळ नव्हता. एक्झॉस्ट मॅनिफोल्ड कोल्हापूरहून उद्यमनगरातून वेल्डिंग करून आणला, ऑइलची लाइन ऑइल स्विचच्या जागी टी टाकून घेतली, रिटर्न इंजिनच्या ऑइल संपमध्ये (खालच्या ऑइलच्या भांड्यात) सोडलाय. कार्ब मूळचाच, त्याच्यावर अ‍ॅल्युमिनियमची टोपी करून टर्बोची हवा वरून आत ढकललीय. वेस्टगेट (बूस्ट, म्हणजे टर्बोचा हवेचा दाब, ठरावीकच्या वर जाऊ न देणारी झडप) ५-६ पीएसआयला उघडतं.

आता त्रास सांगतो. आयडल सुरेख, अर्ध्या थ्रॉटलला सुरेख. पूर्ण दाबला की पहिले तीन-चार सेकंद अशी पळते की अंगावर काटा येतो, आणि मग एकदम घुसमटते, कार्बमधून फट फट आवाज, वाइडबँड मीटरवर (एका भाग पेट्रोलला किती भाग हवा ते दाखवणारा) १६ च्या पुढं आकडा जातो. पाय काढला की दहा सेकंदात परत नॉर्मल. मेकॅनिक म्हणाला जेट (कार्बमधलं पेट्रोल मोजून सोडणारं बारीक भोक) मोठा कर. मेन जेट १० नंबर वाढवला, तर आता अर्ध्या थ्रॉटलला काळा धूर आणि प्लग काळेकुट्ट, पण बूस्टमध्ये अजून तसाच कोरडा. मग मूळचा मेकॅनिकल पंप बंद करून बाजारातला ठोकळा इलेक्ट्रिक पंप लावला, खोक्यावर ४ पीएसआय लिहिलंय. काडीचा फरक नाही.

आणखी आठ-दहा हजार घालू शकतो, त्याच्यावर नाही. मोठा पंप घेऊ का? घेतला तर कोणता? की कार्ब टर्बोच्या अलीकडं नेऊ म्हणजे ही पेट्रोल ढकलायची भानगडच नको? पिस्टन वितळायच्या आत कुणीतरी सांगा.

गोदाकाठ

मित्रा प्रयत्न झकास आहे पण माझं मत सांगतो, कार्ब काढून २००० नंतरच्या एमपीएफआय (इंजेक्शनवाल्या) ८०० चं सगळं सामान उचल, वायरिंगसकट, आणि वर एक पिगीबॅक कंट्रोलर (गाडीच्या मूळ कॉम्प्युटरला जोडून पेट्रोल कमीजास्त करणारा) टाक. एकदा त्रास होईल पण नंतर लॅपटॉपवर बसून ट्यून करता येईल. कार्बवर टर्बो म्हणजे रोज स्क्रूड्रायव्हर.

मिरजकर_८००

दादा सल्ला पटतोय पण ते सामान, वायरिंग, टाकीतला पंप, कंट्रोलर धरलं तर वीस-पंचवीसच्या खाली होत नाही, मी चौकशी केलीय. आणि खरं सांगायचं तर मला कार्ब कळतो, हातात घेऊन उघडता येतो. आधी ह्याच्यावर जमतंय का बघतो.

पद्मिनी_११३७

मी तर म्हणतो कार्ब टर्बोच्या आधीच लाव. जुन्या अमेरिकन गाड्यांत तसंच होतं, १९६२ च्या कॉर्वेअर मोन्झा स्पायडरला कार्ब आधी आणि टर्बो नंतर. १९८० च्या टर्बो ट्रान्स अ‍ॅमलाही तेच. कार्ब नेहमीसारखा साधी हवा ओढतो, त्याला बूस्ट माहीतच नसतो, मूळ पंप चालतो, काही सील करावं लागत नाही. तुझा प्रश्न एका दिवसात संपेल.

उद्यमनगर

पद्मिनीवाले भाऊ, तुमचं पेट्रोलपुरतं बरोबर हाय, पण त्याचा टर्बो डिझेलचा हाय हे विसरू नका. डिझेलला थ्रॉटल नसतो, त्यामुळं त्या कॉम्प्रेसरला कधी जोरदार व्हॅक्युम बघायला लागत नाही. त्याच्या आत ऑइल अडवायला नुसती रिंग असते. कार्ब आधी लावला की पाय काढल्यावर थ्रॉटल बंद, आणि टर्बो फिरतोय, मग तो ऑइलच ओढून घेतो. त्या जुन्या गाड्यांत त्यासाठी कॉम्प्रेसरच्या बाजूला कार्बन सील असायचं. ते केपी३५ ला कुठनं आणणार? निळा धूर काढत फिरेल गडी. शिवाय टर्बो ते इंजिन सगळा पाइप पेट्रोलच्या वाफेनं भरलेला, एक बॅकफायर झाला की पाइप उडाला, आणि पुढं इंटरकूलर (टर्बोची गरम हवा थंड करणारा) लावायचं म्हटलं तर ते बी जमत नाही, पेट्रोल आत साचतंय. मिरजकर, तू केलंय तेच बरोबर हाय, हवा कार्बमधून ढकलायची. त्यातच राहा.

आता तुझ्या त्रासाचं. भावा तू स्वतःच उत्तर लिहिलंयस, "पहिले तीन-चार सेकंद". हिशोब कर. ८०० ची मूळ ताकद ३७-३९ घोडे, सहा पीएसआय बूस्टला धर ५५. टर्बो पेट्रोल इंजिनला एका घोड्याला तासाला साधारण पाव किलोच्या वर थोडं पेट्रोल लागतं, म्हणजे ५५ घोड्यांना तासाला १५ किलो, लिटरमध्ये २०. सेकंदाला पाच-साडेपाच मिलि. फ्लोट चेंबरमध्ये, म्हणजे कार्बमधल्या पेट्रोलच्या छोट्या साठ्यात, किती मावतं? अर्धा कप चहाएवढं. त्यातलं वरचं पंधरा-वीस मिलि संपलं की पातळी खाली गेली आणि जेटला पेट्रोल पोचेना. तीन-चार सेकंदच होतात! म्हणजे बूस्ट आल्यावर चेंबरमध्ये नवीन पेट्रोल येतच नाही, तू आधीचा साठा जाळतोयस. साठा संपलेला असताना जेट कितीबी मोठा केला तरी काय उपयोग, मोठ्या नळाला पाणी थोडंच येतंय टाकी रिकामी असल्यावर.

का येत नाही? टोपी घातल्यावर चेंबरमध्ये बी बूस्ट आला, आणि तो यायलाच पायजे, नाहीतर पेट्रोल जेटमधनं उलटं ढकललं गेलं असतं. पण मग आत ५ पीएसआय आणि बाहेरनं पंप ४ नं ढकलतोय. कसं जाईल? नीडल (चेंबरमध्ये पेट्रोल सोडणारी झडप) उघडी असली तरी जात नाही. लिटर किती देतो ह्याचा प्रश्नच नाही हितं, वीस लिटर तासाला साधा पंप बी देतो. प्रश्न प्रेशरचा हाय. कार्बच्या नीडलला कायम ३-४ पीएसआय *जास्त* पायजे, चेंबरमध्ये जे असेल त्याच्यापेक्षा. आयडलला ४, पाच बूस्टला ९, सहाला १०. एकास एक वाढायला पायजे. आणि कायमचे १० देऊन ठेवलेस तर आयडलला नीडल मागं ढकलून पेट्रोल उतू जाईल, मॅनिफोल्डवर सांडेल, तिथं लालभडक टर्बो हाय, मग काय होतंय ते लिहायला नको.

पैसे खर्च करायच्या आधी एक काम कर. कार्बच्या इनलेटला टी टाकून एक प्रेशर गेज लाव, ०-१५ चं, हायड्रॉलिकच्या दुकानात स्वस्तात मिळतंय. होज लांब घेऊन गेज वायपरला बांध, काचेच्या *बाहेर*. पेट्रोलची नळी केबिनमध्ये आणायची नाही, कितीबी घाई असली तरी. मित्राला मोबाइलवर शूटिंग करायला लाव, फ्रेममध्ये बूस्टचं गेज आणि हे दोन्ही दिसलं पायजे. मग बघ आणि हितं लिही.

मिरजकर_८००

उद्यमनगर दादा, आज सकाळी केलं. व्हिडिओ थांबवून थांबवून बघितला. आयडल: पेट्रोल ४, बूस्ट शून्य. पूर्ण थ्रॉटल: बूस्ट २, पेट्रोल ४. बूस्ट ३, पेट्रोल ४. बूस्ट ४, पेट्रोल ४, काटा हललासुद्धा नाही, आणि तिथनं बरोबर चार सेकंदात फट फट. दोन महिने मी जेट बदलत बसलो होतो. वडील शेजारी उभे होते, त्यांना सुद्धा एका मिनिटात कळलं. आता पुढचं सांगा, कमीत कमी खर्चात एकास एक वाढणारं प्रेशर कसं मिळवायचं? रेडीमेड बूस्ट रेफरन्सवाला लो प्रेशर रेग्युलेटर परदेशातून मागवायचा तर तेवढ्यातच बजेट संपतंय.

उद्यमनगर

हेच पायजे होतं. आता ऐक, आपल्याकडनं असं झालंय.

मूळ मेकॅनिकल पंप परत जोड, त्याला आपण टाकीतनं पेट्रोल आणायचं काम देऊ. इंजिन बेमध्ये, एक्झॉस्टच्या विरुद्ध बाजूला, एक लिटरचा छोटा डबा करून घे, सर्ज टँक. चांगल्या अ‍ॅल्युमिनियम वेल्डरकडनं कर आणि पाण्यात बुडवून हवा मारून लीक बघ. मेकॅनिकल पंप त्या डब्यात भरतो, डब्याच्या वरनं जास्तीचं पेट्रोल मूळ रिटर्ननं टाकीत. डब्याच्या तळातनं इनलाइन एमपीएफआय पंप ओढतो. हा पंप ३ बारचं काम करणारा असतो, त्याला आपले १० पीएसआय म्हणजे किरकोळ. तिथनं कार्बला, आणि कार्बजवळ बायपास रेग्युलेटर (जास्तीचं पेट्रोल परत सोडून दाब ठरावीक ठेवणारा), त्याचा रिटर्न परत डब्यात. असं केल्यानं वळणावर टाकीत पेट्रोल बाजूला गेलं तरी पंपाला हवा मिळत नाही, मातीच्या ट्रॅकवर हे फार गरजेचं हाय.

रेग्युलेटर: बाजारात जो अ‍ॅडजस्टेबल एमपीएफआय रेग्युलेटर मिळतो त्याला वर बूस्टचं निप्पल असतंच, म्हणजे एकास एकचं काम तो जन्मापासून करतो. फक्त त्याची स्प्रिंग कडक असते, स्क्रू पूर्ण सैल केला तरी दोन बारच्या खाली येत नाही. स्प्रिंग बदलायची. उघडून डायफ्रामचा काम करणारा व्यास मोज. माझ्याकडं होता तो ३५ मिमी. क्षेत्रफळ झालं ९.६ चौरस सेंमी. ४ पीएसआय म्हणजे एका चौरस सेंमीला ०.२८ किलो. गुणाकार २.७ किलो. म्हणजे बसवलेल्या उंचीला २.७ किलोनं दाबणारी स्प्रिंग पायजे. मी किराणा दुकानातल्या डिजिटल काट्यावर स्प्रिंग उभी धरली, वरनं लाकडाच्या तुकड्यानं बरोबर तेवढ्या उंचीपर्यंत दाबली आणि आकडा वाचला. पाच-सहा स्प्रिंगा बघितल्यावर एक सापडली. त्यानंतर स्क्रूनं बारीक सारीक.

एक ठेच लागेल, आधीच सांगतो. स्प्रिंग बरोबर असून बी प्रेशर ७-८ च्या खाली येत नाही असं दिसलं तर रिटर्नची नळी बारीक हाय. एमपीएफआय पंप तासाला ८०-१०० लिटर फेकतो, इंजिन आयडलला त्यातलं काहीच घेत नाही, सगळं रिटर्नमधनं जायचं असतं. बारीक नळीत तेवढं पेट्रोल घालायला स्वतःचंच प्रेशर लागतं. रिटर्न ८ मिमी आतला व्यास ठेव, आणि आखूड.

लेस्टर_मराठी

वा, बऱ्याच दिवसांनी मनासारखा विषय. मी मूळचा सांगलीचा, गेली बरीच वर्षं इंग्लंडात, आणि इथे माझ्याकडे एक एमजी मेट्रो टर्बो आहे, १२७५ सीसी, एकच एसयू कार्ब, गॅरेट टी३, कंपनीतून ९३ घोडे. तुमच्यासारखीच, हवा कार्बमधून ढकलणारी. रेनॉ ५ जीटी टर्बोही तशीच होती, १३९७ सीसी, सोलेक्स कार्ब, ११५ घोडे. लोटस एस्प्री टर्बो १९८० ला आली तीसुद्धा डेलॉर्टो कार्बवर. म्हणजे हा काही वेडेपणा नाही, इंजेक्शन महाग होतं तेव्हा चांगल्या चांगल्या कंपन्यांनी हेच केलंय.

उद्यमनगर यांनी प्रेशरचं उत्तम सांगितलं, मी कार्बच्या अंगाचं सांगतो, कारण साधा कार्ब असा दाबाखाली ठेवायला बनवलेलाच नसतो.

पहिलं म्हणजे रेग्युलेटरची बूस्टची नळी टोपीवरून घ्या, मॅनिफोल्डवरून घेऊ नका. इंजेक्शनच्या गाड्यांत ती मॅनिफोल्डवर असते म्हणून सगळे सवयीने तिथेच लावतात. आपल्याकडे फ्लोट चेंबर टोपीतला दाब बघतो. अर्ध्या थ्रॉटलला टोपीत ४ पीएसआय आणि थ्रॉटलच्या खाली शून्य असं सहज होतं, तेव्हा मॅनिफोल्डवरची नळी रेग्युलेटरला सांगते बूस्ट नाही, आणि परत तुमचा तोच त्रास, फक्त आता अर्ध्या थ्रॉटलला. शोधून सापडणार नाही असा.

दुसरं, चेंबरचा हवेचा मार्ग टोपीच्या आतच उघडला पाहिजे. बाहेर जाणारी एखादी व्हेंटची नळी असेल, कॅनिस्टरकडे वगैरे, तर ती बंद करा, नाहीतर बूस्ट तिथून पळतो आणि सोबत पेट्रोल घेऊन जातो.

तिसरं, ज्या ज्या डायफ्रामची एक बाजू बाहेरच्या हवेकडे आहे तो बूस्टमध्ये उलटा वागणार. अ‍ॅक्सिलरेटर पंपाचा डायफ्राम आतून ढकलला जातो, फाटका असेल तर तिथून पेट्रोल फवारतं, नवीन टाका. सेकंडरी (कार्बचा दुसरा, पाय जोरात दाबल्यावरच उघडणारा) थ्रॉटल व्हॅक्युम डायफ्रामवर उघडत असेल तर तो बूस्टमध्ये उघडणारच नाही, कारण व्हेंचुरीतला (कार्बच्या अरुंद गळ्यातला) दाब कमी झाला तरी बाहेरच्या हवेपेक्षा तो जास्तच असतो. डायफ्रामच्या दुसऱ्या बाजूचं घर बंद करून तिथे टोपीतला दाब द्या, की झालं. आणि डिस्ट्रिब्युटरच्या व्हॅक्युम अ‍ॅडव्हान्सच्या नळीत एक वनवे व्हॉल्व्ह टाका, त्याचा डायफ्राम बूस्टसाठी नसतो.

चौथं सगळ्यात महत्त्वाचं. थ्रॉटलच्या शाफ्टची बुशं. सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांच्या कार्बमध्ये ती झिजलेली असणारच. एरवी तिथून थोडी हवा आत जाते, आता तिथून पेट्रोलची वाफ बाहेर येणार. बुश बदलून घ्या, बाहेरून ओ-रिंग बसवता आली तर बसवा. तपासायला सोपी रीत: पेट्रोल काढून टाका, टर्बोकडचं तोंड रबरी बुच आणि क्लॅम्पने बंद करा, थ्रॉटल बंद ठेवा, सायकलच्या पंपाने टोपीत ५ पीएसआय भरा आणि सगळीकडे साबणाचं पाणी लावा. थोडी हवा थ्रॉटलच्या पात्यावरून खाली जाणार तिकडे लक्ष देऊ नका. बाहेर जिथे बुडबुडे दिसतील तिथून पुढे पेट्रोल येणार आहे. मी पहिल्यांदा केलं तेव्हा चोकच्या शाफ्टवर, टोपीच्या गॅस्केटवर आणि एका बंद केलेल्या निप्पलवर बुडबुडे होते, बघून पोटात गोळा आला होता, कारण त्या अवस्थेत मी आठवडाभर गाडी चालवली होती.

मिरजकर_८००

लेस्टरकर दादा मी ते पाणी लावून बघितलं आणि खरंच चोकच्या शाफ्टला नुसता फेस आला. चोक काढूनच टाकला, भोकं बंद केली, आपल्याकडं थंडी ती काय. थ्रॉटलची बुशं लेथवर ब्राँझची करून घेतलीत. सेकंडरी तर आजवर बूस्टमध्ये उघडतच नव्हता, खूण लावून बघितलं. म्हणजे मी अर्ध्या कार्बवरच टर्बो पळवत होतो!

सर्ज टँक, इनलाइन पंप, स्प्रिंग बदललेला रेग्युलेटर सगळं झालं. माझ्या रेग्युलेटरचा डायफ्राम ३२ चा निघाला, हिशोबानं सव्वादोन किलोची स्प्रिंग आली, आईच्या स्वयंपाकघरातला काटा वापरला. आता गेज: आयडलला ४, साडेपाच बूस्टला साडेनऊ. फट फट पूर्ण बंद. डोळ्यांत पाणी आलं खरंच.

पण अजून एक राहिलंय. घुसमटत नाही तरी पूर्ण बूस्टला वाइडबँड १३.६ दाखवतंय. मेन जेट मी परत मूळचा टाकलाय. प्रेशर बरोबर आहे मग अजून लीन (हवेच्या मानानं पेट्रोल कमी) का?

चाकण_टेस्टबेड

हे नैसर्गिक आहे, तुमची चूक नाही. मी इंजिन टेस्टिंगमध्ये काम करतो, सोप्या भाषेत सांगायचा प्रयत्न करतो.

कार्बवाली गाडी महाबळेश्वरला नेली की रिच होते (हवेच्या मानाने पेट्रोल जास्त) हे सगळ्यांना माहीत आहे, वर हवा विरळ असते. का होते? व्हेंचुरीतून जाणाऱ्या हवेचं वजन घनतेच्या प्रमाणात बदलतं, पण जेटमधून येणारं पेट्रोल घनतेच्या *वर्गमुळाच्या* प्रमाणात बदलतं. हवा वीस टक्के विरळ झाली तर पेट्रोल दहाच टक्के कमी होतं, म्हणून रिच. बूस्टमध्ये बरोबर ह्याच्या उलट. तुमचे ६ पीएसआय म्हणजे दाब १.४ पट. पण टर्बोने हवा गरमही केली, इंटरकूलर नसेल तर ३० ची हवा ८० डिग्रीला जाते, त्यामुळे घनता साधारण १.२ पटच वाढते. हवा २० टक्के जास्त, पेट्रोल वर्गमूळ म्हणजे १० टक्के जास्त. म्हणून नऊ-दहा टक्के लीन. साध्या कार्बला पूर्ण थ्रॉटलला साडेबाराच्या आसपास मिळतं, तिथून तुम्ही १३.६ वर आलात. आकडा जुळतोय बघा.

तुम्हाला हवंय ११.५ ते ११.८, म्हणजे १३.६ च्या हिशोबाने पेट्रोल १६ टक्के वाढवायला हवं. आणि ते फक्त बूस्टमध्ये. मेन जेट वाढवला तर अर्ध्या थ्रॉटललाही रिच होतं, ते तुम्ही बघितलंच. म्हणून प्रायमरीचा मेन जेट मूळचाच राहू दे, पॉवर जेट आणि सेकंडरीचा मेन जेट वाढवा. पॉवर जेट व्हॅक्युम पडला की उघडतो, बूस्टमध्ये व्हॅक्युम नाहीच, म्हणजे तो कायम उघडा. सेकंडरी पाय जोरात दाबल्याशिवाय उघडत नाही. दोन्ही आपोआप हवे तेव्हाच काम करतात.

हिशोब क्षेत्रफळाचा करायचा, व्यासाचा नाही. सोलेक्स पद्धतीच्या जेटवरचा आकडा शतांश मिलिमीटर धरा. समजा मेन १०० आणि त्याच्या जोडीला पॉवर ५० आहे. वर्ग करा: १०००० अधिक २५००, एकूण १२५००. ह्यात १६ टक्के मिळवले की १४५००. मेनचे १०००० वजा केले, उरले ४५००, त्याचं वर्गमूळ ६७. म्हणजे पॉवर ५० चा ६७ करायचा. एकदम ६७ ला जाऊ नका, ६० करून बघा, मग पुढे. सेकंडरीचा जेट एकटा असतो, त्याला १६ टक्क्यांसाठी व्यास आठ टक्केच वाढवायचा.

आणखी एक, तुमच्या पंपावर आता ई२० (वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) मिळत असेल. इथेनॉलला हवा कमी लागते, ज्या पेट्रोलला १४.७ भाग हवा लागते त्याच्या जागी ई२० ला साडेतेराच्या आसपास. त्यामुळे जुन्या जेटवर गाडी सात-आठ टक्के आपोआप लीन होते. पण मीटरवर ११.७ हाच आकडा धरायचा, मीटर खरं तर लॅम्डा (त्या इंधनाला बरोबर लागणाऱ्या हवेच्या किती पट हवा आहे ते) मोजतो आणि १४.७ ने गुणून दाखवतो, इंधन बदललं तरी ०.८० लॅम्डा म्हणजे ११.७ च दिसतं. जुनी रबरी नळी मात्र एकही ठेवू नका, ई२० मध्ये ती फुगते आणि आतून सोलते, ते तुकडे नीडलमध्ये अडकतात. होजवर एसएई जे३०आर९ छापलेलं बघून घ्या.

टायमिंगही (प्लगची ठिणगी कधी पडते ते) बघा. दर एक पीएसआयला साधारण एक डिग्री मागे. बूस्ट रिटार्डची सोय नसेल तर सरसकट ४-५ डिग्री मागे घ्या, खालची ताकद थोडी जाईल. कॉम्प्रेशन मूळचंच असेल तर ६ पीएसआयच्या वर जायचा मोह नको, आणि इंटरकूलर मिळाला की घनता वाढेल म्हणून जेट परत तपासा.

गोदाकाठ

मी एमपीएफआय म्हणालो होतो पण हे वाचून मजा आली. एकच विचारतो, इलेक्ट्रिक पंप इग्निशनला थेट जोडलाय का? मेकॅनिकल पंप इंजिन बंद पडलं की थांबतो, इलेक्ट्रिक नाही थांबत. गाडी उलटली, नळी सुटली, इंजिन बंद आणि पंप चालूच, तर तासाला शंभर लिटर पेट्रोल गरम टर्बोवर.

उद्यमनगर

गोदाकाठ भाऊ लाख मोलाचं बोललात, हे मी आधीच लिहायला पायजे होतं. मिरजकर, पाच पिनचा साधा हॉर्नचा रिले घे, ज्याला ८७ए पिन असते. ऑइल प्रेशरचा स्विच इंजिन बंद असताना अर्थ देतो, त्यानंच दिवा लागतो. रिलेच्या कॉइलचं एक टोक इग्निशनला आणि दुसरं त्या स्विचला, आणि पंप ८७ए वर. ऑइल प्रेशर नसेल तर रिले खेचला जातो आणि पंप बंद. इंजिन चालू झालं, प्रेशर आलं, स्विच सुटला, पंप चालू. चेंबरमध्ये पेट्रोल असतंच त्यामुळं स्टार्टिंगला अडत नाही. पण ह्यात एक खोट हाय, स्विचची वायर तुटली तर पंप चालूच राहतो. म्हणून पंपाच्या लाइनमध्ये सिरीजमध्ये इनर्शिया स्विच टाक, धक्का बसला की तोडणारा, भंगारात मिळतोय. आणि सीटजवळ एक हाताचा स्विच. आग विझवायचं सिलिंडर सीटखाली क्लॅम्पमध्ये, डिकीत नको.

आणि ही गाडी ट्रॅकवरच ठेव बाबा. मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमात असा बदल बसत नाही, अपघात झाला तर विमावाला हात वर करेल.

मिरजकर_८००

रस्त्यावर अजिबात नेत नाही दादा, ट्रॉलीवरनंच नेतो-आणतो.

तीन रविवार गेले, आता सांगतो. रिले आणि इनर्शिया स्विच लावला, स्विचला मुद्दाम हातोडीनं ठोकून बघितलं, पंप बंद झाला. पॉवर जेट आधी ६० केला तर १२.६, मग ६५, आणि सेकंडरी सात नंबर वर. आता साडेपाच बूस्टला ११.७ ते ११.९, अर्ध्या थ्रॉटलला १४.३. प्लग काढून बघितले, तिन्ही चॉकलेटी, दोन नंबरचा किंचित पांढुरका. टायमिंग ४ डिग्री मागं घेतलंय. खर्च: पंप बावीसशे, रेग्युलेटर सोळाशे, डबा बाराशे, होज आणि क्लॅम्प पंधराशे, लेथचं काम आठशे, रिले-स्विच सातशे. एकूण आठ हजार.

काल संध्याकाळी वडिलांना शेजारी बसवून तीन फेऱ्या मारल्या. शेवटच्या सरळ पट्ट्यावर तिसऱ्या गिअरला पूर्ण दाबून ठेवला, मी मनात चार सेकंद मोजत होतो, पाच झाले, सहा झाले, सात झाले, ओढतच राहिली. बांध आला म्हणून पाय काढला.

दोन नंबरच्या पांढुरक्या प्लगचं काय करू तेवढं सांगा.

चाकण_टेस्टबेड

मस्त! दोन नंबरसाठी आधी त्या सिलेंडरच्या मॅनिफोल्डच्या गॅस्केटला साबणाचं पाणी लावून बघा, मग प्लग एक हीट रेंज थंड टाका, तिन्ही. तेवढं होईपर्यंत वेस्टगेट ४ पीएसआयला ठेवा.